राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती
भारताच्या राष्ट्रपतींना संसदेचे निवडून आलेले सदस्य आणि विधानसभांचे आमदार निवडतात. उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत मात्र आमदारांना मत नसते, पण संसदेच्या नामनिर्देशित सदस्यांना असते. राष्ट्रपतींच्या नावाने कारभार चालतो, तरी ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले असतात. उलट उपराष्ट्रपतींचे रोजचे काम राज्यसभेचे सभापती म्हणून असते आणि वेतनही त्याच पदाचे मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष सभागृहात त्यांचाच शब्द अधिक ऐकू येतो, असे मला वाटते. राष्ट्रपतिपद रिकामे झाल्यास उपराष्ट्रपती ते सांभाळतात, परंतु उरलेली मुदत पूर्ण करत नाहीत, कारण सहा महिन्यांत नवी निवडणूक घ्यावीच लागते. १९६९ मध्ये झाकीर हुसेन यांच्या निधनानंतर व्ही. व्ही. गिरी यांनी हीच जबाबदारी घेतली होती.