कीबोर्डच्या दुरुस्तीत मूळ स्विच लंपास

जुना मेकॅनिकल कीबोर्ड दुरुस्तीला टाकणाऱ्यांनी हा अनुभव जरूर वाचावा, कारण यातील चोरी वरून दिसत नाही.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो, माझ्या कीबोर्डात चेरी कंपनीचे निळे स्विच होते. इन्स्क्रिप्ट या कळरचनेत मराठी टंकताना ‘क’ची कळ एकदाच दाबली, तरी अक्षर दोनदा उमटे, ‘कारण’ लिहावे तर ‘ककारण’ होई. स्विचमधील धातूच्या पट्ट्या एकमेकींना टेकताना क्षणभर थरथरतात आणि कीबोर्डातील चिप तेवढ्या थरथरीकडे दुर्लक्ष करते. पट्ट्यांवर धूळ बसली किंवा त्या काळवंडल्या की थरथर लांबते व कळ पुन्हा दाबली गेली असे चिपला वाटते. दोष त्या एका स्विचचा होता. सर्किट बोर्डातच बिघाड असता, तर कळा उभ्या-आडव्या ओळींच्या जाळ्यात जोडलेल्या असल्यामुळे बहुधा एका ओळीतल्या अनेक कळा एकदम बंद पडल्या असत्या.

दुकानदाराने मात्र ‘उघडल्यावर बोर्ड जळालेला निघाला, बोर्ड आणि स्विच दोन्ही बदलले’ असे सांगून 3,800 रुपये घेतले आणि बिलावर नुसते ‘सर्व्हिसिंग’ लिहिले. घरी आवाज पोकळ वाटला, म्हणून कळांच्या टोप्या काढून पाहिल्या. चेरीच्या स्विचवर कंपनीचे नाव असते. इथे टोपी जिच्यावर बसते त्या स्विचच्या दांड्या निळ्याच होत्या, पण नाव एकाही स्विचवर नव्हते. मागचे झाकण उघडले, तर बोर्ड तोच जुना, आणि नव्या सोल्डरभोवती फ्लक्सचे (सोल्डर करताना लावायच्या रसायनाचे) पिवळट, चिकट डाग. जळालेला बोर्ड नवे स्विच लावताच बरा कसा झाला, याचे उत्तर दुकानदाराकडे नव्हते. काढलेले स्विच मागितले, तर ‘कचऱ्यात गेले’. चालू स्थितीतले चेरी स्विच कोणताही दुरुस्तीवाला कचऱ्यात टाकत नाही, ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकता येतात.

कीबोर्ड देण्यापूर्वी टोप्या काढून स्विचचे आणि शक्य असल्यास बोर्डाच्या मागील बाजूचे फोटो काढून ठेवावेत, आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल असे पावतीवर लिहून घ्यावे. एकच कळ दोनदा उमटत असेल, तर आधी केबल काढून त्या स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडावेत, कळ बराच वेळ दाबत राहावी व पूर्ण वाळल्यावरच केबल जोडावी. तरीही फरक पडला नाही, तर फारशी न लागणाऱ्या स्क्रोल लॉकचा स्विच काढून तिथे सोल्डर करून घेता येतो. माझी तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवल्यानंतर दुकानदाराने निम्मी रक्कम परत केली. स्विच काही मिळाले नाहीत.