चालत जाता येईल अशी मीटिंग : ‘ए.ए.’च्या एका मराठी गटाचा अनुभव

दारू सोडण्याचा निश्चय मी गेल्या पाच वर्षांत सहा वेळा केला आणि सहाही वेळा तो मनातच ठेवला. सातव्या खेपेस आमच्या डॉक्टरांनी तपासणी करून औषधे सुरू केली आणि सोबत अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘ए.ए.’, या दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संघटनेच्या मीटिंगला जायला सांगितले. पुण्यातील आमच्या घराजवळच्या एका मराठी गटात मी आठ महिन्यांपासून जातो आहे. निनावीपणा हा तेथील पायाच असल्यामुळे गटाचे नाव, जागा किंवा कोणाची हकीकत मी येथे देणार नाही.

गट शोधण्यात दोन आठवडे गेले. एका जुन्या यादीतील पत्त्यावर पोहोचलो, तर तेथील मीटिंग केव्हाच बंद झाल्याचे रखवालदाराने सांगितले. त्या संध्याकाळी परतताना एका वाइन शॉपसमोर मी किती वेळ उभा होतो, ते आठवले की आजही अंगावर काटा येतो. म्हणून नव्याने जाणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, निघण्यापूर्वी फोन करून वार, वेळ आणि जागा यांची खात्री करून घ्यावी. मी पुढे ए.ए.च्या हेल्पलाइनला फोन केला, तेव्हा पलीकडे एक सदस्यच होते. त्यांनी आडनाव विचारले नाही, नोकरी विचारली नाही. मी कोणत्या भागात राहतो एवढे विचारून सर्वांत जवळचा गट सांगितला आणि ‘मी फाटकापाशी उभा राहतो’ असे म्हणाले. ते खरोखरच उभे होते.

मीटिंग एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी सात ते साडेआठ भरते. बाके लहान मुलांची असल्याने गुडघे अवघडतात आणि पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजामुळे मागच्यांना नीट ऐकू येत नाही. सुरुवातीला प्रार्थना होते, दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.ने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी एखादीचे वाचन होते आणि मग एकेक जण आपले नाव सांगून, आपण मद्यपी आहोत हे उच्चारून बोलू लागतो. कोणी मध्येच तोडत नाही, सल्ला देत नाही, ‘तुमचे चुकले’ असे म्हणत नाही. घरात, कचेरीत आणि नातेवाइकांत वर्षानुवर्षे केवळ उपदेश ऐकलेल्या माणसाला या शांततेचे मोल किती वाटते, हे मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. पहिले चार दिवस मी काहीच बोललो नाही आणि त्याबद्दल कोणी विचारलेही नाही.

प्रवेश फी नाही. शेवटी एक डबा फिरतो आणि ज्याला जमेल तो त्यात पैसे टाकतो. बाहेरची देणगी घ्यायची नाही, अशी संघटनेची परंपराच आहे. सदस्य होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. अमेरिकेतील ॲक्रन शहरात १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक यांच्या भेटीतून हे काम सुरू झाले. एका मद्यप्याने दुसऱ्याशी बोलत राहिले तर दोघेही दारूपासून दूर राहू शकतात, हा त्या दोघांचा अनुभव आजही प्रत्येक मीटिंगचा गाभा आहे.

या गटात येण्याआधी मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या गटातही काही रविवार गेलो होतो. तेथील वक्ते उत्तम होते, पण दोन बस बदलून जावे लागे आणि पाऊस किंवा थकवा यांचे निमित्त लगेच सापडे. या गटात जेमतेम बारा-पंधरा माणसे असतात; मात्र मी तीन दिवस दिसलो नाही, तर चौथ्या दिवशी फोन येतो. ‘फक्त आजच्या दिवसापुरते’ हे वाक्य भिंतीवर लावलेले आहे, आणि आजचा दिवस काढायला जागा चालत जाण्याइतकी जवळ असावी लागते, असे माझे ठाम मत झाले आहे.

दोन गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. प्रार्थनेत देवाचा उल्लेख येतो; ‘आपल्याला समजेल तसा’ असे म्हटले असले, तरी न मानणाऱ्याला सुरुवातीला अवघड वाटू शकते. आमच्या गटात स्त्रिया फार थोड्या आहेत, त्यामुळे एखाद्या बहिणीला एकटीने येणे सोपे जाणार नाही. तिने फोनवरच स्त्री-सदस्यांची मीटिंग कोठे आहे, ते विचारावे. शिवाय मीटिंग म्हणजे उपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट्स येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. ज्याला दाखल होऊन उपचार घ्यायचे आहेत, त्याच्यासाठी पुण्यात १९८६ पासून ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, आणि केंद्र सरकारच्या १४४४६ या व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हे वेगळे गट असतात. माझी पत्नी दर शनिवारी तिच्या गटात जाते. तेथे ती काय बोलते, ते ती मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही. परतल्यावर आम्ही दोघे चहा घेतो.