पेडल की वल्हं? खाडीतल्या निवांत फ्लाय फिशिंगसाठी कयाक निवडताना

खाडीकाठी चार-पाच दिवसांचा मुक्काम, सकाळी दोन-तीन तास फ्लाय फिशिंग (फ्लाय म्हणजे हलकं नकली आमिष, ते वजनदार दोरीच्या, म्हणजे लाइनच्या जोरावर फेकायचं), दुपारी आराम. बेत एवढाच असेल तर भाड्याने कयाक घेताना एक प्रश्न उरतोच: पायाने चालवायची पेडलवाली घ्यावी की साधी वल्ह्याची? दोन्ही वर बसायच्या, म्हणजे सिट-ऑन-टॉप, असं धरून चालतो. आत बसायच्या कयाकमध्ये माणूस पाण्याच्या फार जवळ असतो आणि मागे फेकलेली लाइन सारखी पाण्यावर आपटते.

पेडलचा मोठा फायदा म्हणजे दोन्ही हात मोकळे. वारा असताना वल्ह्याची कयाक हाकणाऱ्याची खरी पंचाईत होते. वल्हं ठेवून रॉड उचलेपर्यंत नाळ, म्हणजे कयाकचं पुढचं टोक, फिरलेली असते, आणि जिथे कास्ट करायचं, म्हणजे लाइन फेकायची, ती जागा खांद्यामागे गेलेली असते. पेडलवाली प्रवाहाविरुद्ध जागेवर धरता येते, दमही कमी लागतो. तीन-चार किलोमीटर उघडं पाणी ओलांडायचं असेल किंवा खांदे दुखरे असतील तर तीच घ्यावी, यात दुमत नाही.

उथळ पाण्यात मात्र गणित बदलतं. भरती चढू लागली की मासे गुडघाभर पाण्यात चरायला येतात आणि फ्लायची खरी मजा तिथेच असते. पेडलचं पातं किंवा पंखा तळाखाली बराच खोल उतरतो. पंख्याचा असेल तर तो वर उचलून घ्यावा लागतो. फडफडणारी पाती असतील तर एक पेडल पूर्ण पुढे रेटून ती तळाला चिकटवता येतात, पण मग पायांचा जोर वापरता येत नाही. शेवाळ गुंडाळलं की दोन्ही प्रकार अडतात.

तरीही माझा कौल वल्ह्याच्या कयाकला ज्यामुळे गेला ती अडचण लाइनची आहे.

बारा-पंधरा मीटरचा कास्ट केला की ओढून घेतलेली लाइन मांडीवर आणि दोन पायांच्या मधे पडते. पेडलची यंत्रणा नेमकी तिथेच असते. लाइनचा एखादा वेढा पेडलच्या दांड्यामागे बसतो आणि तो दिसतही नाही. मासा लागतो, पहिली धाव घेतो, मोकळी लाइन भराभर उडत जाते आणि तो वेढा आवळला की बारा पौंडांचा टिपेट (लाइनच्या टोकाचा बारीक धागा) तटकन तुटतो. यंत्रणेवर ओला टॉवेल पसरला तर वेढे अडकत नाहीत, पण मग पेडल मारता येत नाही. मांडीवर स्ट्रिपिंग बास्केट (ओढून घेतलेली लाइन ठेवायची टोपली) बांधली तर पेडल मारताना गुडघे तिला धडकतात. हात मोकळे राहतात म्हणून जी कयाक घेतली, तिचे पाय ऐन वेळी बांधले जातात.

वल्ह्याच्या कयाकमध्येही लाइन अडकतेच. पाय टेकायचे खुंटे, पट्ट्यांची बकलं, बुटांच्या नाड्या, कशालाही अडकते. पण इथे उपाय चालतो. बसण्याच्या पुढचं सगळं सामान मागे टाकायचं, रॉड होल्डर काढायचा, बिननाड्यांचे बूट घालायचे आणि खुंट्यांवर ओला टॉवेल पसरायचा. वल्हं मांडीवर आडवं ठेवू नये, त्याच्या पात्याला वेढा हमखास बसतो. बाजूच्या क्लिपमध्ये लांबीत अडकवावं.

नाळ फिरण्यावरही तोड आहे. मीटरभर पाण्यात चिखलात खुपसायला दोन मीटरची काठी पुरते. ती मागच्या टोकाला बांधली की वारा पाठीशी येतो आणि समोर आरामात कास्ट करता येतं. खोल पाण्यात दीड किलोचा घडीचा नांगर आणि खोलीच्या पाच-सात पट दोरी लागते. दोरी नेहमी टोकालाच बांधावी. मधोमध बाजूला बांधली तर प्रवाह कयाक आडवी धरून उलटवू शकतो. दोरी झटक्यात सोडता आली पाहिजे.

प्रवाहाशी झगडायची वेळ दिवस निवडूनही टाळता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाऐवजी अष्टमीनंतरचे भांगाचे दिवस घ्यावेत, तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. साधारण सहा तासांच्या भरतीत तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मं पाणी सरकतं, तेवढा वेळ एका जागी थांबून मासेमारी करावी. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे जाते, हेही ध्यानात ठेवावं. पहाटेचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे ढकलतो, म्हणून सकाळी खाडीच्या मुखाबाहेर जाऊ नये. लाइफ जॅकेट अंगातच हवं, मागे बांधलेलं नको.

वजनाचा मुद्दाही लहान नाही. ओहोटीला काठ दूर गेलेला असताना पंचवीस-तीस किलोची साधी कयाक दोघं सहज उचलतात. पेडलवाली बहुधा चाळीसच्या पुढे जाते, चिखलात तिला ओढून न्यायची गाडीही रुतते.

पैसे देण्याआधी एक चाचणी जरूर करावी. कयाक वाळूवरच ठेवून तिच्यात बसायचं, रॉड जोडायची, पंधरा मीटर लाइन मांडीवर आणि पायांत सोडायची आणि सोबत्याला टोक धरून जोरात पळायला सांगायचं. लाइन जिथे जिथे अडकेल तिथे टॉवेल किंवा चिकटपट्टी लावता येते का ते पाहायचं. नसेल लावता येत, तर दुसरी कयाक मागायची.