बेसएक्स: साठवलेल्या दस्तऐवजांतूनच रचना ओळखणारा डेटाबेस

जुन्या मराठी मासिकांची सूची एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या प्रत्येक भागाला नावाची खूण लावून लिहिण्याच्या पद्धतीत) तयार करताना मी मासिक, अंक, लेख, लेखक, वर्ष अशी मराठीच एलिमेंट-नावे, म्हणजे त्या खुणांची नावे, ठेवली आणि ती सूची शोधण्यासाठी बेसएक्स हा डेटाबेस निवडला. जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठात ख्रिस्तियान ग्रून यांच्या संशोधनातून उभा राहिलेला हा प्रकल्प जावामध्ये लिहिलेला असून बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुला आहे. देवनागरी नावांबाबत त्याने कधीच अडवले नाही.

त्याचे खरे सामर्थ्य क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवण्याआधीच्या टप्प्यात आहे. दस्तऐवज भरले जात असतानाच बेसएक्स त्यांतील प्रत्येक वेगळ्या मार्गाची, म्हणजे एकात एक बसलेल्या एलिमेंटांच्या साखळीची, एकदाच नोंद करतो. लेख कितीही असले तरी मुळापासून लेखकाच्या नावापर्यंत जाणाऱ्या वाटा मोजक्याच असतात, त्यामुळे रचनेचा हा सारांश अगदी लहान राहतो. याच जातीची कल्पना १९९७ साली स्टॅनफर्डमधील रॉय गोल्डमन आणि जेनिफर विडम यांनी ‘डेटागाइड’ या नावाने मांडली होती. हातात हा सारांश असल्यामुळे मी नुसते ‘//लेखक’ (कुठेही असलेला लेखक) लिहिले तरी दस्तऐवजाचा संपूर्ण वृक्ष धुंडाळला जात नाही. क्वेरीचे रूपांतर ‘/सूची/मासिक/अंक/लेख/लेखक’ अशा नेमक्या मार्गात होते. एकूण लेख किती, या प्रश्नाचे उत्तर तर नोंदी न वाचताच मिळते, कारण तो आकडा सारांशात आधीच असतो. विशिष्ट लेखिकेचे लेख हवे असतील, तर काम उलट्या दिशेने होते: मजकुराच्या इंडेक्समध्ये (कोणता मजकूर कुठे आहे, याच्या यादीत) प्रथम नाव सापडते आणि तिथून वर चढत लेखापर्यंत पोहोचले जाते.

हे सारे डोळ्यांनी पाहता येते, याचे मला विशेष मोल वाटते. क्वेरीची माहिती देणाऱ्या चौकटीत कोणता फेरबदल झाला, अंतिम क्वेरी कशी दिसते आणि कोणत्या टप्प्याला किती वेळ लागला, हे ओळीने मांडलेले असते. क्वेरी मंद का आहे, हे शिकण्यासाठी याहून चांगली शाळा मला सापडलेली नाही.

उणीव मात्र गंभीर आहे. मी मेहनतीने लिहिलेला एक्सएमएल स्कीमा (दस्तऐवजाची रचना कशी असावी, याचे नियम) बेसएक्स दस्तऐवज तपासण्यापुरताच वापरतो. क्वेरी सुधारताना त्याकडे पाहत नाही. वर्ष ही संख्याच असते, प्रत्येक अंकाला ते एकदाच येते, हे स्कीमात स्पष्ट लिहिलेले असूनही क्वेरीच्या दृष्टीने वर्ष म्हणजे प्रकार नसलेला मजकूर राहतो. त्यामुळे त्याची तुलना संख्येशी केली की मजकुराचा इंडेक्स बाजूला पडतो, अवतरणचिन्हांतील मजकुराशी केली की तोच उपयोगी येतो. मुखपृष्ठावरून उतरवलेले वर्ष देवनागरी अंकांत असेल, तर संख्येशी तुलना थेट त्रुटी देते. माझ्या सूचीत देवनागरी आणि इंग्रजी असे दोन्ही प्रकारचे आकडे होते आणि ते एकसारखे करण्यात बराच वेळ गेला.

दुसरा धोका शुद्धलेखनाचा आहे. ‘लेखक’ऐवजी चुकून ‘लेखाक’ लिहिले गेले, तर असा मार्गच नाही हे ओळखून बेसएक्स तत्क्षणी रिकामे उत्तर देतो. वेगाच्या दृष्टीने हे उत्तम असले, तरी नवख्या माणसाला त्या नावाचे लेखच सूचीत नाहीत असे वाटू शकते. स्कीमा जाणणारी प्रणाली इथे इशारा देऊ शकली असती.

तिसरी गोष्ट सांभाळण्याची आहे. सूचीत भर घातली की रचनेची आकडेवारी शिळी होते आणि ‘ऑप्टिमाइझ’ ही आज्ञा दिल्याशिवाय वर सांगितलेले फायदे पूर्णपणे परत मिळत नाहीत. मजकुराचे इंडेक्स प्रत्येक बदलासोबत अद्ययावत ठेवण्याचा पर्याय आहे, पण तो डेटाबेस तयार करतानाच चालू करावा. मी नोंदी एकेक न भरता गठ्ठ्याने भरतो आणि शेवटी ही आज्ञा एकदाच देतो.

ज्यांचे दस्तऐवज वाचले जास्त आणि बदलले कमी जातात, अशा सूचीकार, कोशकार आणि ग्रंथालयांना मी बेसएक्स निःसंकोच सुचवेन. तपासणीसाठी दिलेला स्कीमा पुढच्या एखाद्या आवृत्तीत क्वेरीच्या नियोजनापर्यंतही पोहोचावा, ही माझी मनापासूनची अपेक्षा आहे.