मिनी ट्रॅक्टरला स्लॅशर: चार फुटी, पाच फुटी की मल्चर?

ब्लोअर झाला, रोटाव्हेटर झाला की मिनी ट्रॅक्टरवाल्या बागायतदाराचा पुढचा खर्च स्लॅशरवर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायच्या गवत कापणी यंत्रावर होतो. दुकानात पहिली चौकशी रुंदीची, दुसरी किमतीची. पण यंत्र तीन वर्षांनी बागेत चालणार की शेडमागे गंजत पडणार, हे गिअर बॉक्स, क्लच आणि पात्यांचे बोल्ट ठरवतात. त्यामुळे बघायला गेलात की स्लॅशर उचलायला लावा, खाली लाकडी ठोकळे द्यायला सांगा आणि वाकून खालून बघा. वरचा रंग सगळ्यांचाच चांगला असतो.

आधी रुंदीचं मिटवू. गवत कापायला रुंदीच्या दर फुटाला पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्र फिरवणारा शाफ्ट) साधारण ५ एचपी लागतात. कुबोटा निओस्टार बी२४४१ आणि महिंद्रा जिवो २४५ डीआय दोन्ही २४ एचपीचे, पण ती इंजिनची ताकद. पीटीओपर्यंत त्याहून कमीच पोचते. म्हणजे हिशेब ४ फुटांवर थांबतो. २८ एचपीच्या जॉन डिअर ३०२८ ईएनमागे सुक्या गवतात ५ फुटी चालेल, पण पावसाळ्यात कमरेएवढ्या काँग्रेस गवतात शिरला की इंजिन दबतं आणि पाती गवत कापायचं सोडून नुसतं चेचून झोपवतात. शिवाय सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नज, कासेगाव भागातल्या द्राक्षबागेत ओळ बहुधा ९ फुटांची, दोन्हीकडे बोध (मातीचे उंच वरंबे), बोधावर ठिबक. वळताना ५ फुटीचं टोक बोधावर चढतं. सांगोल्याकडच्या डाळिंबात ओळी १५ फुटांच्या असतात, तिथेही ४ फुटीच्याच जास्त फेऱ्या मारा. डिझेल थोडं जास्त जाईल, गिअर बॉक्स वाचेल.

आता गिअर बॉक्स. त्यावरच्या पाटीवर गुणोत्तर लिहिलेलं असतं, बहुतेक १:१.४७ किंवा १:१.९३. हा आकडा वाचल्याशिवाय व्यवहार करू नका. पीटीओ ५४० वर फिरला की १.४७ च्या बॉक्सने पाती मिनिटाला ७९४ फेरे घेतात, १.९३ ने १०४२. चार फुटी रुंदीला पात्याच्या टोकाचा वेग पहिल्यात सेकंदाला ५० मीटर, दुसऱ्यात ६५ मीटर. गवताला कुठे आधार नसतो, ते केवळ वेगाच्या फटक्याने तुटतं. ५० मीटरला हराळी आणि लव्हाळा नुसता वाकतो, मागे वळून बघावं तर पुन्हा उभा. म्हणून ४ फुटीला १.९३ चाच बॉक्स घ्या. एक धोका मात्र लक्षात ठेवा: बऱ्याच मिनी ट्रॅक्टरांत पीटीओला दोन वेग असतात. चुकून ७५० चा टाकलात तर हाच बॉक्स पात्यांना १४४७ फेऱ्यांवर नेतो, टोक ९१ मीटरवर जातं. ५४० साठी बांधलेली बेअरिंग आणि बोल्ट त्या वेगासाठी नसतात. ड्रायव्हर बदलता असेल तर पीटीओच्या लिव्हरजवळ रंगाने खूण करून ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान क्लचच्या बाबतीत होतं. आपल्याकडे मुरमाड रानात दगड आहेत, बांधाकडेला वेड्या बाभळीची खुंटं आहेत. पातं कशाला ना कशाला अडकणारच. स्वस्त स्लॅशरला ट्रॅक्टरशी जोडणाऱ्या शाफ्टवर फक्त शिअर बोल्ट असतो. तो मऊ असतो, तुटण्यासाठीच लावलेला. दिवसात दोनदा तुटला की वैतागून त्या जागी डोक्यावर ८.८ लिहिलेला हाय टेन्साइल बोल्ट ठोकला जातो. तो तुटत नाही. पुढच्या दगडाला तुटतो तो गिअरचा दात, नाहीतर थेट ट्रॅक्टरचा पीटीओ शाफ्ट. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच दहा-बारा बोल्ट टूलबॉक्समध्ये टाका.

परवडत असेल तर स्लिप क्लचवाला शाफ्ट घ्या. पातं अडकलं की त्याच्या चकत्या क्षणभर घसरतात आणि झटका खाऊन टाकतात. पण त्यालाही देखभाल लागते. पावसाळाभर उभा राहिला की चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात, आणि घसरत नसलेला क्लच म्हणजे नुसतं वजन. हंगामाच्या सुरुवातीला स्प्रिंगचे नट फेरे मोजून सारखे ढिले करा, चकत्यांच्या कडेवरून खडूने एक आडवी रेघ ओढा, दोन-तीन सेकंद पीटीओ लावून बंद करा. सगळं थांबल्यावर रेघ तुटलेली दिसली तर क्लच मोकळा आहे. तुटली नसेल तर चकत्या उघडून गंज काढा. मग नट मोजलेले तेवढेच आवळा.

सिंगल क्लचचा ट्रॅक्टर (चाकं आणि पीटीओ दोन्हीला एकच क्लच) असेल तर आणखी एक वस्तू लागते, पात्यांचा उलटा जोर ट्रॅक्टरकडे जाऊ न देणारा ओव्हररनिंग क्लच. फिरत्या पात्यांचं वजन एवढं असतं की क्लच दाबला तरी पीटीओकडून उलटा जोर येतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकत राहतो. ओळीच्या टोकाला विहीर किंवा शेततळं असेल तर हे किती महागात पडेल ते सांगायला नको. ही वस्तू बसवली की शाफ्टची लांबी तीन-चार इंचांनी वाढते, म्हणून शाफ्ट तेवढा कापावा लागतो.

शाफ्ट कापतानाच लोक चुकतात. लिफ्ट वरखाली करून दोन्ही टोकं जिथे सगळ्यात जवळ येतात तिथे मोजा. त्या ठिकाणी नळी आत तळाला टेकू नये, इंचभर मोकळी राहावी. आणि सगळ्यात लांब असताना एकीत दुसरी कमीत कमी एक तृतीयांश उरावी. दोन्ही नळ्या सारख्याच कापा, कड कानशीने घासा, ग्रीस लावा. लांब राहिलेला शाफ्ट लिफ्ट उचलताना ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर जोर देतो.

खालून बघताना पाती हाताने मागे-पुढे हलली पाहिजेत. दगड लागला की पातं मागे दुमडतं ते यामुळेच. मधे कढईसारखी डिश असावी, खुंटावरून घसरायला ती लागते. पाती बदलताना जोडीनेच बदला. एक नवं, एक झिजलेलं लावलं की थरथर सुरू होते आणि गिअर बॉक्सचं तेल अडवणारं सील जातं. धार वस्तऱ्यासारखी काढू नका, टोकाला दीडेक मिलिमीटर जाडी राहू द्या.

सोलापुरात गिअर बॉक्स मरतो तो बहुतेक सुतळीने. द्राक्ष बांधायची प्लॅस्टिकची सुतळी, ठिबकची फाटकी नळी, मल्चिंग पेपरची पट्टी पात्याच्या शाफ्टभोवती गुंडाळली जाते, घट्ट होत जाते आणि ऑइल सीलची कड कापते. डिशवर तेलाचा ओशट डाग आणि त्याला चिकटलेली धूळ दिसली की सील गेलं समजा. ते किरकोळ खर्चाचं काम असतं. दुर्लक्ष केलं तर बॉक्समधलं नव्वद नंबरचं गिअर ऑइल संपतं आणि गिअर जळतात. घेतानाच सीलवर संरक्षक कडं आहे का ते बघा. आणि कापणीआधी नळ्या उचलून तारेला अडकवा.

मल्चर कधी घ्यावा? एप्रिलच्या खरड छाटणीच्या काड्या ओळीतच कुजवायच्या असतील तर. स्लॅशर अंगठ्याएवढी काडी तोडतो, पण तुकडे फूटभराचे पडतात आणि पुढच्या छाटणीपर्यंत तसेच राहतात. मल्चर बारीक भुगा करतो. २४ एचपीला साडेतीन फुटांपर्यंतचाच घ्या, आणि काड्यांसाठी इंग्रजी वाय आकाराच्या पात्यांऐवजी हातोडीची पाती. दगडाळ रानात मात्र हातोड्या लवकर झिजतात, तिथे स्लॅशरच बरा. उसाच्या पाचटासाठी मिनी ट्रॅक्टरचा विचार सोडा.

डाळिंबवाल्यांनी एक करू नये: तेल्या रोग आलेल्या फांद्यांवर स्लॅशर किंवा मल्चर फिरवू नये. रोगट तुकडे बागभर पसरतात. त्या वेचून बाहेर नेऊन जाळायच्या, मगच ओळीत यंत्र घालायचं.

शक्तिमान राजकोटचं, फील्डकिंग कर्नालचं. एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्येही स्लॅशर बांधून मिळतो. कोणताही घ्या, पात्यांचा बोल्ट आणि ऑइल सील शहरात मिळतं का ते आधी विचारा. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर) अर्ज करणार असाल तर पूर्वसंमती येईपर्यंत बिल करू नका, अनुदान जातं.

डिलिव्हरी घेताना गिअर बॉक्समध्ये तेल आहे का ते स्वतः बघा. काही यंत्रं कोरडीच येतात. पुढची कड मागच्यापेक्षा इंचभर खाली ठेवा आणि टॉप लिंकला (ट्रॅक्टर आणि यंत्रामधल्या वरच्या जोडदांड्याला) थोडी ढील द्या. आसपास शंभर मीटरांच्या आत कुणी नको. दहा मिनिटं चालवून बंद करा, पाती पूर्ण थांबल्यावर बॉक्सला हात लावा: कोमट ठीक, हात टेकवत नसेल तर यंत्र परत पाठवा. आणि पहिला तास झाला की पात्यांचे बोल्ट पुन्हा आवळा.