मोठ्या तांत्रिक पुस्तिकेसाठी डीटीपी सॉफ्टवेअर: फ्रेममेकर, इनडिझाइन की लाटेक?

डीटीपी (डेस्कटॉप पब्लिशिंग), म्हणजे संगणकावर पानांची जुळणी करणारे सॉफ्टवेअर पारखताना बहुतेक जण नमुन्याचे एक पान लावून ते किती देखणे दिसते हे पाहतात. सहाशे पानांच्या तांत्रिक पुस्तिकेसाठी ही परीक्षा अपुरी आहे. दुसऱ्या प्रकरणात एक नवा विभाग घातल्यावर पुढचे सगळे क्रमांक, ‘आकृती ४.७ पाहा’ यांसारखे उल्लेख, अनुक्रमणिका आणि शब्दसूची बिनचूक बदलतात का, आणि एखादा उल्लेख तुटला तर सॉफ्टवेअर तसे सांगते का, हे मी आधी पाहतो. एका यंत्राच्या देखभाल-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती आम्ही साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये केली होती. तिच्यात वीजपुरवठा बंद करण्याच्या सूचनेकडे नेणारा उल्लेख जुन्याच विभाग-क्रमांकावर राहिला आणि छपाईच्या आदल्या दिवशी, केवळ एका सहकाऱ्याच्या चिकाटीमुळे, तो सापडला. त्यानंतर मी फ्रेममेकर, इनडिझाइन आणि लाटेक या तिन्हींवर एकच प्रकरण लावून पाहिले.

फ्रेममेकर १९८६ साली सुरू झालेल्या फ्रेम टेक्नॉलॉजी या कंपनीचे. १९९५ मध्ये ती कंपनी अडोबीकडे गेली. आज हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, कारण त्याची मॅक आवृत्ती २००४ मध्येच बंद झाली. पहिल्या दिवशी ते रुक्ष वाटते. पण प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र फाइल, त्या सर्वांना बांधणारी एक ‘बुक’ फाइल आणि तिच्यावर दिलेली ‘अपडेट’ची एकच आज्ञा, या रचनेत मोठ्या दस्तऐवजाची गरज नेमकी ओळखलेली दिसते. अपडेट केल्यावर क्रमांक आणि पृष्ठांक नव्याने लागतात, अनुक्रमणिका व शब्दसूची पुन्हा तयार होतात, आणि ज्या उल्लेखांचे मूळ सापडत नाही त्यांची यादी समोर येते. मी मुद्दाम एक आकृती खोडून पाहिली, तेव्हा तिच्याकडे बोट दाखवणारे तिन्ही उल्लेख त्या यादीत आले. एक खबरदारी मात्र घ्यावी लागते: फाइलमध्ये वापरलेला फॉन्ट संगणकावर नसेल तर अपडेट अडते, म्हणून एकाच पुस्तिकेवर काम करणाऱ्या सर्वांकडे तेच फॉन्ट असल्याची खात्री सुरुवातीलाच करून घ्यावी.

फ्रेममेकरचे खरे बळ मला कंडिशनल टेक्स्टमध्ये, म्हणजे अटीनुसार दाखवता किंवा लपवता येणाऱ्या मजकुरात, दिसले. एकाच यंत्राची तीन मॉडेले असतील तर तीन पुस्तिका सांभाळायच्या, की एकाच मजकुरातील फरकांना खुणा लावून हवी ती आवृत्ती काढायची, हा प्रश्न तांत्रिक लेखनात रोज येतो, आणि तीन प्रती ठेवणाऱ्याच्या हातून त्यांपैकी एखादीत दुरुस्ती राहून जाते. येथे परिच्छेद, तक्त्याची ओळ किंवा वाक्यातील दोन शब्द यांनाही अट लावता येते. मॉडेलचे नाव व्हेरिएबलमध्ये (एकदाच नोंदवून हवे तिथे वापरायच्या मजकुरात) ठेवले की ते एका जागी बदलून पुरते. वाक्याच्या मध्ये अट लावताना तिच्यात शेवटची मोकळी जागा घ्यायची की सोडायची हे मात्र सर्वांनी मिळून आधी ठरवावे; तसे न केल्यास मजकूर लपवल्यावर कुठे दोन शब्द चिकटतात, तर कुठे दुहेरी जागा उरते. माझ्या अनुभवात शक्यतो पूर्ण वाक्यालाच अट लावणे सर्वांत सुरक्षित ठरले, आणि भाषांतरकारालाही तेच सोयीचे पडते.

इनडिझाइन १९९९ मध्ये आले. अक्षरजुळणीत आणि पानाच्या सौंदर्यात मी त्यालाच पहिला मान देईन. ओळी तोडताना ते संपूर्ण परिच्छेदाचा विचार करते, त्यामुळे शब्दांमधील अंतर समतोल राहते. बुक फाइल, परस्परसंदर्भ आणि कंडिशनल टेक्स्ट तेथेही आहेत, आणि तुटलेले संदर्भ प्रीफ्लाइटमध्ये (छपाईपूर्व तपासणीत) दाखवण्याची सोयही आहे. तरीही तक्त्याची एक ओळ दोन पानांवर विभागली जात नाही ही मर्यादा दुरुस्ती-कोष्टकांनी भरलेल्या पुस्तिकेत वारंवार जाणवते: लांब सूचना एकाच चौकटीत असतील तर तक्त्याची रचनाच बदलावी लागते. ज्या पुस्तिकेत चित्रांची मांडणी पानागणिक बदलते आणि सुधारणा क्वचित होते, तिच्यासाठी मी निःशंकपणे हेच सुचवेन.

लाटेकची गोष्ट वेगळी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘टेक’ ही लिखित आज्ञांवरून पाने जुळवणारी प्रणाली लिहायला घेतली, कारण आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची जुळणी त्यांना पटली नव्हती. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक उभारले. गणिती सूत्रांची जुळणी इतक्या सुबकपणे करणारे दुसरे साधन मी पाहिलेले नाही. ते मोफत आहे. त्याची मूळ फाइल साधा मजकूर असल्यामुळे दोन आवृत्त्यांतील फरक ओळीओळीने तपासता येतो, आणि अनेक हातांनी लिहिल्या जाणाऱ्या दस्तऐवजात ही फार मोलाची सोय आहे. तुटलेल्या संदर्भाच्या जागी पानावर ठळक प्रश्नचिन्हे उमटतात, म्हणून चूक सहसा नजरेतून सुटत नाही. देवनागरी मजकूर असेल तर २००४ मध्ये आलेले झीटेक हे टेकचे नवे रूप वापरावे. ते युनिकोड मजकूर आणि ओपनटाइप फॉन्ट थेट घेते व जोडाक्षरे नीट जुळवते. अडचण माणसांची येते. यंत्रावर काम करणाऱ्या अभियंत्याने दोन ओळी सुधारायच्या तर त्याला आज्ञांची भाषा शिकावी लागते, आणि तक्त्याच्या स्तंभांची रुंदी बदलणे तर सरावलेल्यालाही वेळखाऊ वाटते.

आमच्या पुस्तिकेत सूत्रे कमी, तक्ते पुष्कळ, मॉडेले तीन आणि सुधारणा वर्षातून दोनदा, म्हणून आम्ही फ्रेममेकर घेतले. वर्गणीचा खर्च आणि शिकण्यात गेलेले पहिले काही आठवडे जड गेले, हे खरे. परंतु त्यानंतरच्या दोन्ही आवृत्त्यांत सुरक्षा-सूचनांचा प्रत्येक उल्लेख आम्ही हाताने तपासला, आणि एकही चुकीच्या जागी नेणारा निघाला नाही.