मिश्र नमुन्यांसाठी क्वांटिफायलर ट्रायो: एक अभिप्राय

खानापूर तालुक्यातील भीमगडच्या जंगलपट्ट्यात अस्वलाने माणसावर हल्ला केला, की कपड्यांवरचे रक्त माणसाचे किती आणि जनावराचे किती, हा प्रश्न तपासात उभा राहतो. त्यातील मानवी अंश मोजण्यासाठी क्वांटिफायलर ट्रायो हा डीएनए मोजणारा रासायनिक संच मला अत्यंत भरवशाचा वाटतो. रिअल टाइम पीसीआरच्या (डीएनएच्या प्रती काढता काढताच त्या मोजण्याच्या पद्धतीच्या) एकाच अभिक्रियेत तो मानवी डीएनएचा 80 बेसजोड्यांचा (बेसजोडी म्हणजे डीएनएच्या लांबीचे एकक) लहान आणि 214 बेसजोड्यांचा मोठा तुकडा, शिवाय वाय गुणसूत्रावरून पुरुषाचा अंश मोजतो. लहान तुकड्याच्या आकड्याला मोठ्या तुकड्याच्या आकड्याने भागून येणारे गुणोत्तर 1 च्या आसपास असेल, तर डीएनए शाबूत आहे. ते बरेच वाढले, तर भिजून कुजलेल्या कापडावर त्याचे तुकडे पडले आहेत, हे व्यक्तीची ओळख पटवणारे डीएनए प्रोफाइल काढण्याआधीच कळते, आणि संचाचे खरे मोल इथेच आहे. मातीतील ह्युमिक आम्लाने अभिक्रिया अडली, तर अंतर्गत नियंत्रणाचा (अभिक्रिया नीट चालली का, हे पाहण्यासाठी संचातच घातलेल्या ठरावीक डीएनएचा) संकेत उशिरा उमटतो; ती खूण कदापि नजरेआड करू नये.

जनावराचा अंश मात्र हा संच मोजत नाही. एकूण डीएनएतून मानवी आकडा वजा करणेही चुकीचे, कारण त्यात जिवाणूंचा डीएनए मिसळलेला असतो. प्राण्याची जात ओळखण्यासाठी मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम बी जनुकाची चाचणी स्वतंत्रपणेच करावी लागते.